मदत हवी आहे: उशी, पांघरूण आणि खेळणं एकातच, पण कासव कुठेतरी चुकतंय

नमस्कार मंडळी,

शिवणकामातल्या जाणकारांनी जरा लक्ष घाला. मी नाशिकला सिडकोत राहते, घरी ब्लाउज आणि पिको-फॉल करते. मशीन-कात्री हाताखालची आहे, पण खेळणं पहिल्यांदाच हातात घेतलंय आणि कटोरी ब्लाउजपेक्षा कासव अवघड निघालं.

आम्ही दर पंधरा दिवसांनी सटाण्याला सासरी जातो. एसटीत लेकीला (साडेतीन वर्षं) उशी लागते, पहाटेची गाडी असली तर पांघरूण लागतं आणि जागी असली की हाताला चाळा लागतो. सीबीएसच्या बसस्टँडवर एका हातात तिची पिशवी, दुसऱ्या हातात ती, आणि तिकिटाचे पैसे दातात! म्हणून म्हटलं, तिन्ही कामं करणारं एकच काहीतरी शिवू. प्राणी तिनेच निवडला. देवळात गेलं की ती गाभाऱ्यापेक्षा बाहेरच्या दगडी कासवापाशीच रमते.

बेतलं ते असं. पाठीचा गोल ३८ सेंमी व्यासाचा, वरून हिरवं वेल्बोआ (मऊ लव असलेलं कापड), पोटाला होजिअरी (बनियनसारखं ताणणारं कापड), मध्ये कडेने चेन. आत फ्लीसचं पांघरूण, १०० बाय ७५ सेंमी. लांबीचे चार आणि रुंदीचे तीन पदर केले की २५ सेंमीचा चौकोन होतो आणि गोलात बरोबर बसतो (कागद कापून आधी बघितलं होतं). पाठीवर सहा खवले आणि प्रत्येक खवल्यावर एक उद्योग: मोठं बटण, टिचबटण, वेलक्रो, छोटी चेन, नाडीची गाठ आणि एक खिसा.

दिसायला झकास झालं. शेजारच्या दोघींनी लगेच विचारलं, कितीला देणार म्हणून. वापरात मात्र एकेक गंमत कळायला लागली.

पोटात मी पिंजलेला कापूस भरला होता. त्यावर ताक सांडलं आणि धुवावं लागलं, तेही ऐन आषाढात. चार दिवस दोरीवर, मग रात्रभर पंख्याखाली. वाळलं, पण कुबट वास राहिला आणि कापसाचे असे गोळे झाले की हाताला बटाटे लागतात.

दुसरं म्हणजे पांघरूण बाहेर काढलं की उशी बसते. नेमकी झोपेच्या वेळी दोन्ही लागतात! लेक म्हणाली, "आई, कासव उपाशी आहे."

तिसरं, ती गाल टेकते पाठीवर, कारण वेल्बोआ मऊ. गेल्या खेपेला सटाण्याला उतरलो तेव्हा गालावर टिचबटणाचा गोल शिक्का होता. सासूबाईंनी विचारलं, पोरीला काय चावलं? वेलक्रोच्या काटेरी बाजूला फ्लीसचा सगळा भुगा चिकटला आणि तिसऱ्या खेपेपासून ते धरतच नाही.

आणि खरी धास्ती डोळ्यांची. दोन काळी बटणं दुहेरी दोऱ्याने लावली होती. तीन आठवड्यांत एक लोंबायला लागलं. जाऊबाईंचं बाळ आठ महिन्यांचं आहे, सगळं तोंडात घालतं.

मेनरोडच्या एका ओळखीच्या दुकानदाराने वीस नग मागितलेत. विकायला काही परवानगी लागते का? पण आधी एक तरी धड होऊ दे. कुठे काय बदलू?

— — —

गोधडीवाली काकू:
आधी तो कापूस काढ बाई. सतत धुवायच्या वस्तूत कापूस भरू नये, तो गादीत शोभतो. रेक्रॉन (पॉलिएस्टरचा कापूस) आण, किलोवर मिळतो. तो पाणी पीत नाही, लवकर सुकतो. पण नुसता कोंबलास तर तोही एका कोपऱ्यात जाऊन बसेल. मलमलीची पातळ गोल पिशवी शिव, त्यात सारखा पसर आणि गोधडीला घालतो तसा धावदोरा घाल, चार बोटांवर एक ओळ. ही पिशवी चेनमधून बाहेर निघाली पाहिजे, अभ्र्यातून उशी निघते तशी. मग ताक सांडो नाहीतर वरण, कातडं वेगळं धू, पोट वेगळं धू.

आणि साडेतीन वर्षांच्या पोरीला उंच उशी हवीच कशाला? दोन बोटं जाडीचं पोट कायमचं ठेव, पांघरूण आत असेल तेव्हा वरची उंची मिळेल. उपाशी कासवावरही छान झोप लागते.

अंबडकर:
ताई, मी अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे. आमचा माल खेळण्यांचा नाही, पण भाचीसाठी म्हणून हे नियम एकदा वाचले होते.

डोळे आजच कापा. दोऱ्याने भरून काढा, सुटायला काही उरायलाच नको. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे भाग तपासायला ३१.७ मिमी व्यासाचं एक नळकांडं असतं. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. दहाचं नाणं २७ मिमीचं असतं, म्हणजे नळकांडं त्याहून जरासंच मोठं. तुमची बटणं त्यात आरामात जातील. लेक साडेतीनची असली तरी घरात बाळ आहे, तेव्हा बाळाच्याच हिशोबाने बेता.

शिवण तपासायची तर स्प्रिंगचा काटा अडकवून साधारण सात किलोचा ताण दहा सेकंद धरा. टीप उसवली, तर दुहेरी घाला आणि मार्जिन (टिपेबाहेर सोडलेलं कापड) वाढवा. ब्लाउजची सवय म्हणून तुम्ही मार्जिन कमी ठेवलं असेल, असा माझा संशय. नाडी २२ सेंमीच्या आत ठेवा. दीड वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात त्याहून लांब दोरी चालत नाही, गळ्याला फास बसतो.

विकायचं म्हणाल तर १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, मानक आयएस ९८७३. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला सूट आहे. वीस नगांचा शब्द देण्याआधी तेवढं बघा. नुसतं 'हाताने शिवलंय' म्हणून भागत नाही.

सुईदोरा:
सगळे उद्योग पोटावर घे ना. सुलटं कासव झोपायला, उलटं खेळायला. वेलक्रोची काटेरी बाजू झाकणाच्या आतल्या अंगाला लाव, म्हणजे बंद असताना ती फ्लीसला शिवणारच नाही. अडकलेला भुगा जुन्या टूथब्रशने निघतो. आणि साडेतीनला नाडीची गाठ कोण मारतं? बुटाची लेस बांधायला आमच्या चिरंजीवांना सहावं लागलं होतं.

गोदाकाठ:
थोडं अवांतर. जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १८८० मध्ये फेल्टचा छोटा हत्ती केला, तो टाचण्या खोचायला. मुलांनी त्याला खेळणं करून टाकलं आणि पुढे त्यातूनच कारखाना उभा राहिला. तेव्हा तीन कामं तुम्ही ठरवलीत, चौथं लेक शोधेलच.

मुद्द्याचं म्हणजे, बाळाला झोपताना हे कासव शेजारीसुद्धा देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात मऊ खेळणं, उशी काहीच नको, नाकावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. आमच्याकडे धाकट्याला धुळीचा त्रास आहे. मऊ खेळणी आम्ही पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवतो, मग धुतो. थंडीने धुळीतले किडे मरतात, पण मेलेले निघायला धुवावं लागतंच. मटारच्या शेजारी ससा बघून पाहुणे दचकतात, त्याला इलाज नाही.

— — —

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! मागच्याच आठवड्यात कासव पूर्ण उसवलं. अंबडकरदादा, संशय बरोबर होता, मार्जिन अर्धा सेंमीच होतं. आता दीड सेंमी ठेवून दुहेरी टीप मारलीये. घरी भाजीचा जुना काटा सापडला, त्याला टांगून बघितलं. पाय टिकले, शेपूट हातात आलं. शेपूट पुन्हा लावलंय. डोळे दोऱ्याने भरले, थोडे झोपाळू दिसतात, पण उशीला ते शोभतं.

काकू, मलमलीचं पोट जमलं. परवा मुद्दाम भिजवून बघितलं, पंख्याखाली सकाळपर्यंत कोरडं.

सुईदोरा, तुमची युक्ती मला फार आवडली होती, पण लेकीने साफ नाकारली. कासव उलटं पडलं की त्याला उठता येत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलंय. पोटावरचं बटण लावायला घेतलं की आधी कासवाला सुलटं करते आणि मग खालून चाचपडत बसते. म्हणून आता उद्योग चार पायांवर घेते, एका पायाला एकच. नाडी आणि खिसा रद्द. पाय उशीच्या बाहेर राहतात, गालाला लागणार नाहीत.

दुकानदाराला तूर्त नाही म्हणून सांगितलं.

एकच राहिलं. पायाची रुंदी सध्या ७ सेंमी आहे. त्यात मोठं बटण आणि काज बसतं, पण होजिअरीवर काज ताणलं जातं आणि दोन दिवसांत भोक सैल होतं. आतून कॅनव्हास लावू की दुहेरी कापडाची पट्टी? कॅनव्हास धुतल्यावर कडक राहील का? शनिवारी सटाण्याला निघायचंय, तोवर कुणी सांगितलं तर बरं होईल.