१,४०,००० मैल चाललेला डिझेल पिकअप फिफ्थ व्हील ओढण्यासाठी घ्यावा का?

माळरान:

आम्ही कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला राहतो. येत्या उन्हाळ्यापासून साधारण १२,००० पौंडांचा फिफ्थ व्हील ट्रेलर (पिकअपच्या पाठीवरच्या जोडणीवर टेकणारा मोठा ट्रेलर) घेऊन सहकुटुंब हिंडण्याचा बेत आहे आणि त्यासाठी जुना हेवी ड्युटी डिझेल पिकअप शोधत आहे. नजरेत असलेल्या तिन्ही गाड्या २०१५ च्या आणि ‘पाऊण टनी’ वर्गातल्या (हे वर्गाचे नाव, प्रत्यक्ष क्षमता नव्हे) आहेत: ६.७ लिटर कमिन्स इंजिनाचा रॅम २५००, ६.७ लिटर पॉवरस्ट्रोकचा फोर्ड एफ-२५० आणि ६.६ लिटर ड्युरामॅक्सचा शेव्हरोले सिल्व्हराडो २५००. तिन्ही १,२०,००० ते १,४०,००० मैल चाललेल्या आहेत. डिझेलला एवढे मैल म्हणजे काहीच नाही, असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. उलट कचेरीतले एक गृहस्थ म्हणतात की, आधीच्या मालकाने ट्रेलर ओढला असेल तर त्या गाडीकडे ढुंकूनही पाहू नये. आमच्या सहली वर्षाला चार-पाचच होतील. एरवी गाडी सहा मैलांवरच्या कचेरीपर्यंत जाईल आणि परत येईल. खरे काय मानावे?

घाटवाट:

मी टेक्सासमध्ये असतो आणि गेली पंधरा-सोळा वर्षे घोड्यांचा ट्रेलर ओढतो आहे. तुमच्या कचेरीतल्या गृहस्थांचे म्हणणे मला पटत नाही. ही इंजिने ओझ्यासाठीच बांधलेली असतात. महामार्गावर एका लयीत तासन्‌तास ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनापेक्षा बांधकामाच्या जागी दिवसभर जागेवर घुरघुरत उभे राहिलेले इंजिन अधिक खराब झालेले असते. म्हणून मैलांच्या जोडीने इंजिनाचे तास पाहावेत. डॅशबोर्डवरच्या मेनूत ते बहुधा सापडतात, नाहीतर स्कॅनर लावून काढता येतात. १,४०,००० मैलांना ३,५०० तास भरले असतील, तर सरासरी वेग ताशी ४० मैल येतो, म्हणजे गाडी रस्त्यावर चालली आहे. तेवढ्याच मैलांना ७,००० तास असतील, तर ती निम्मे आयुष्य उभी राहिली आहे, आणि हे ओडोमीटर कधीच सांगत नाही.

दुसरे म्हणजे इंजिन टिकते, पण त्याच्या मागे जे असते ते टिकेलच असे नाही. माझ्या आधीच्या गाडीचा गियरबॉक्स गेला तेव्हा इंजिन ठणठणीत होते, आणि दोष सर्वस्वी माझा होता. उन्हाळ्यात भरलेला ट्रेलर ओढताना गियरबॉक्सच्या तेलाचा ताप किती वाढतो, याकडे मी वर्षानुवर्षे पाहिलेच नाही आणि तेलही बदलले नाही. त्यामुळे विक्रेत्याकडे इंजिन ऑइलच्या पावत्यांइतक्याच आग्रहाने गियरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या आसावरची दातेरी पेटी) यांच्या तेलाच्या पावत्या मागाव्यात. त्या नसतील तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.

कीस_आणि_कण:

तास पाहण्याचा सल्ला योग्यच आहे. मात्र या तिघांतला खरा फरक इंधनाच्या उच्चदाब पंपात आहे आणि माझ्या मते निर्णय तिथेच लागतो. २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये आणि २०११ पासूनच्या ६.७ लिटर पॉवरस्ट्रोकमध्ये बॉशचा सीपी४ पंप आहे. २०१५ च्या रॅममध्ये मात्र आधीच्या पिढीचा, अधिक दणकट सीपी३ आहे. या पंपांना वंगण म्हणून वेगळे तेल मिळत नाही. जे डिझेल ते दाबतात, तेच त्यांचे वंगण. अमेरिकेतल्या डिझेलमध्ये गंधक १५ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १५ भाग) उतरवल्यावर त्याचा नैसर्गिक वंगणगुण गेला, आणि मिश्रके घालूनही अमेरिकी मानकाला वंगणगुणाच्या चाचणीत धातूवर उठणारा झिजेचा व्रण ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, तर युरोपात ४६० च्या पुढे चालत नाही. सीपी४ बिघडला की तो नुसता बंद पडत नाही. त्याचा धातूचा कीस इंधनाबरोबर नळ्या, रेल (इंजेक्टरांना इंधन वाटणारी दाबनळी) आणि इंजेक्टर या सगळ्यांत पसरतो. मग पंपाच्या ऐवजी सगळी इंधनप्रणालीच बदलावी लागते आणि बिल सहज आठ-दहा हजार डॉलरांवर जाते.

त्यातही ड्युरामॅक्सच्या त्या पिढीत टाकीकडून इंधन ढकलणारा लिफ्ट पंपच नाही. उच्चदाब पंपच ते ओढून घेतो. २०१७ च्या नव्या ड्युरामॅक्समध्ये लिफ्ट पंप आला आणि सीपी४ ही गेला, यावरून काय ते समजावे. रॅमनेही २०१९ मध्ये सीपी४ आणला आणि दोन वर्षांतच त्या गाड्या परत बोलावून सीपी३ बसवला. याचा अर्थ सगळे सीपी४ फुटतात असा नाही. कित्येक गाड्या दोन लाख मैल निर्वेधपणे चालल्या आहेत. पण ड्युरामॅक्स घ्यायचाच असेल तर लिफ्ट पंप बसवून घ्यावा, फिल्टर वेळेआधी बदलावा, आणि टाकीत चुकून कधी पेट्रोल पडले होते का, हे मालकाला तोंडावर विचारावे.

कमिन्सबद्दल पुणेकरांना जिव्हाळा असणे साहजिक आहे (१९६२ पासूनचे नाते आहे ते), तरी आंधळी भक्ती नको. सहा सिलिंडरना सात मुख्य बेअरिंगे असलेले ते इंजिन खरोखर चिवट आहे, पण २०१५ च्या रॅम २५०० मध्ये त्यामागे जो ६८आरएफई गियरबॉक्स येतो, तो त्या इंजिनाच्या तोलाचा नाही. ‘घाटवाट’ यांनी सांगितलेल्या पावत्या त्या गाडीसाठी सर्वांत महत्त्वाच्या.

निळा_धूर:

वरच्या दोघांनी ओझ्याचा विचार केला. मला भीती वाटते ती सहा मैलांवरच्या कचेरीची. २००७ नंतरच्या या सर्व गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आहे, आणि त्यातली काजळी जाळायला धुराचे तापमान बराच वेळ चढे राहावे लागते. ट्रेलर ओढताना ते आपोआप घडते. रोज सहा मैल जाऊन इंजिन बंद केले, तर ती प्रक्रिया अर्ध्यावर तुटत राहते, फिल्टर तुंबतो आणि काही इंजिनांत त्यासाठी फवारलेले डिझेल वंगणतेलात उतरते. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर हे मिसळलेले डिझेल लगेच कळते. खरेदीपूर्वी चाळीस-पन्नास डॉलरांत होणारी याहून चांगली तपासणी मला ठाऊक नाही. शक्य असेल तर कचेरीसाठी एखादी लहान गाडी ठेवावी.

डीपीएफ काढून टाकलेली, म्हणजे ‘डिलीट’ केलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. संघीय कायद्याने ते बेकायदा आहे आणि पुढे विकतानाही अडचण येते. रॅमच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा. उत्सर्जनाच्या नियमांबाबत २०२३ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या तडजोडीत कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलरांचा दंड मान्य केला. त्यात २०१३ ते २०१९ च्या गाड्यांचे उत्सर्जन-सॉफ्टवेअर बदलून देण्याचे ठरले होते. ते काम या गाडीवर झाले आहे का, हे चासी क्रमांकावरून तपासता येते.

घाटवाट:

एक राहिले. आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याची उंची ११,००० फुटांवर आहे आणि पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार लागतो. कसारा घाटात ट्रकवाले जे पाळतात तेच इथेही: ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा. खरेदीपूर्वीच्या फेरीत एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट आवळून इंजिनाकरवी गाडी रोखणारा) लावून पाहावा. तो नीट धरत नसेल, तर टर्बोचे झडपतंत्र काजळीने जाम झाले असण्याची शक्यता असते, आणि तो खर्च लहान नाही.

शिवाय ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पिवळी-पांढरी चिठ्ठी वाचली का? माणसे आणि सामान मिळून गाडीवर किती वजन चालते, ते तिच्यावर असते. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा भाग पिकअपच्या पाठीवर येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे २,४०० पौंड, आणि ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीचे, म्हणजे हिचचे, वजन वेगळे.

माळरान:

आज दोन गाड्या पाहून आलो. रॅमच्या दारावरची चिठ्ठी २,१०० पौंडांच्या आत आहे आणि फोर्डची त्याहून थोडीशीच जास्त. आम्ही चौघे, कुत्रा, हिच आणि सामान धरले तर ट्रेलर जोडण्यापूर्वीच सातशे-आठशे पौंड संपतात. रॅमचे तास ६,१०० निघाले. मालक म्हणाले की ते पाइपलाइनच्या कामावर होते आणि हिवाळ्यात गाडी दिवसभर चालूच ठेवत. शेव्हरोले पाहायला मी गेलोच नाही.

घाटवाट:

मग या तिन्ही गाड्या सोडा आणि एक पायरी जड, ३५०० वर्गातली पाहा. मागची चाके जोडीची नसून एकेरी असली तरी चालेल. तीच २०१५ ची रॅम ३५०० आयसिन गियरबॉक्ससह मिळाली, तर वरच्या दोन तक्रारी, वजनाची आणि गियरबॉक्सची, एकदम मिटतात. चिठ्ठी मात्र तिचीही वाचूनच पैसे द्या.