मदत हवी आहे: रानातल्या सावलीतली पांढरी हबेनारिया नेमकी कोणती?

मंडळी, ऑर्किडमधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या दमट पानझडी जंगलात, पाचोळ्यातून वर आलेली एक पांढरी ऑर्किड सध्या, म्हणजे ऑगस्टअखेर, फुलली आहे. हबेनारिया, म्हणजे जमिनीवर वाढणाऱ्या ऑर्किडांचा एक गट, त्यातली आहे याची खात्री आहे, नेमकी प्रजाती ठरवताना गाडी अडली आहे. गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तिचं नाव जायचं आहे. एकदा चुकीचं नाव लिहिलं गेलं की पुढचे सगळे तेच उतरवत राहतात, म्हणून घाई करायची नाही. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, कारण ऑर्किड उपटून नेणारे लोकही असे धागे वाचतात.

वर्णन असं: झाड वीत-दीड वीत उंच. चार-पाच पानं, सगळी बुडाशी झुपक्यात, दांड्यावर फक्त लहान खवल्यासारखी. फुलं विरळ, शुभ्र. ओठाचे, म्हणजे ऑर्किडच्या फुलातल्या वेगळ्या दिसणाऱ्या खालच्या पाकळीचे, तीन भाग आहेत. मधला अरुंद, पट्टीसारखा. बाजूचे दोन मात्र पंख्यासारखे पसरट, बाहेरची कड बारीक कातरलेली. फुलामागे हिरवट स्पर, म्हणजे मध साठणारी पोकळ नळी, लोंबतो. उन्हाच्या कवडशात धरल्यासारखा बघितला तर त्याच्या टोकाकडे साठलेला मध आरपार दिसतो. संध्याकाळी वास येतो, दुपारी जवळजवळ नाही.

मी काय काय वगळलं ते सांगते. टूथब्रश ऑर्किड, म्हणजे हबेनारिया हेनियाना, नाही. तिची फुलं एका बाजूला ओळीत लागतात. ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस नाही, तिला जमिनीला चिकटलेलं एखाद-दुसरंच पान असतं आणि ओठाचे तिन्ही भाग अरुंद असतात. क्रिनिफेराची पानं दांड्यावर वर असतात आणि ओठाला केसासारखे तंतू असतात, तेही इथे नाहीत. उरल्या दोन: प्लँटाजिनिया आणि लाँगिकॉर्निक्युलाटा. दोघींचा ओठ समोरून सारखाच दिसतो, त्यामुळे मोबाइलवरची अ‍ॅप दर फोटोला वेगळं नाव देतात. स्पर लांब आहे म्हणून लाँगिकॉर्निक्युलाटा म्हणावं, तर ती मला माहीत आहे ती उघड्या गवताळ उतारावरची. काय बघितलं म्हणजे नक्की ठरेल?

आणखी एक. शेजारीच सावलीत एकेकटी हृदयाकृती पानं आहेत, घड्या पडल्यासारखी, छोट्या देठावर उभी. फूल नाही. ही याच ऑर्किडची न फुललेली रोपं असतील का?

प्रतिसाद १

वर्णन छान दिलंत, निम्मं काम तिथेच झालं. आता फूल बाजूने बघा. आपल्याला जो फुलाचा देठ वाटतो तो बहुतांशी अंडाशयच असतो, पीळ पडलेला आणि कंगोरे असलेला. त्याची लांबी मोजा आणि स्परची मोजा. स्पर वाकलेला असतो, तेव्हा दोरा त्याच्यावर धरून मग पट्टीवर ठेवा. फूल तोडायची गरज नाही. खालची पूर्ण उमललेली फुलं घ्या, शेंड्याकडची नुकती उघडलेली नकोत. लाँगिकॉर्निक्युलाटाचा स्पर दहा सेंटिमीटरच्या घरात जातो, अंडाशयाच्या कितीतरी पट. एकदा बघितला की शंकाच राहत नाही.

धागाकर्ती

मोजलं. खालच्या फुलांत अंडाशय साधारण २.३ सेंमी, स्पर ४.५ च्या आसपास. टोक किंचित फुगीर आहे. पानांचा झुपका सगळ्या रोपांत बुडाशीच.

प्रतिसाद १

मग प्लँटाजिनियाच. बुडाशी झुपका, ओठाचे पंख्यासारखे भाग, जेमतेम दुप्पट स्पर आणि झाडीतली सावली, चारही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात. नोंदवहीत नावाशेजारी ही मापं जरूर लिहा आणि बाजूने काढलेला फोटो लावा. नुसतं नाव कुणाला पडताळता येत नाही.

प्रतिसाद २

त्या एकेकट्या पानांबद्दल: ती हबेनारियाची रोपं नव्हेत. सावलीत, देठावर, घड्यांचं एकच पान म्हणजे नर्व्हिलिया, जमिनीवरच्या ऑर्किडांचाच दुसरा गट, असणार. तिचं फूल आधी येतं, पावसाच्या सुरुवातीला, तेव्हा जमिनीवर पान नसतं. फूल सुकलं की पान उगवतं. त्यामुळे फूल आणि पान एकत्र सापडत नाही आणि पुष्कळदा दोन वेगळी झाडं म्हणून नोंद होते. पानावरून प्रजाती ठरवायचा मोह आवरा, आत्ता 'नर्व्हिलिया, प्रजाती अनिश्चित' एवढंच लिहा. पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, लव आहे का बघा, आणि पुढच्या वर्षी पहिल्या सरींनंतर त्याच जागी जा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पानाला वरून बारीक लव आहे, खालची बाजू उद्या बघते. जागेची खूण म्हणून शेजारच्या झाडाचं नाव लिहून ठेवलं आहे. जूनमध्ये तिथे कोणती फुलं आली ते याच धाग्यावर कळवेन.