लिनक्स कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचे) अपडेट आपोआप लागू द्यावे की रोखावे?

उंबरठा
ज्या मशीनवर रोजचे काम चालते तिथे कर्नलचे अपडेट आपोआप लागू देऊ नये, असे माझे ठाम मत. एखादी सर्व्हिस पडली तर लॉगिन करून उचलता येते. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे गाभाच घातक चुकीने थांबला, की लॉगिनच उरत नाही.

"स्टेबल मालिकेत नुसत्या दुरुस्त्या असतात, त्यात काय बिघडणार" म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०२३ आठवावा. कर्नल ६.१.६४ मध्ये एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) ची एक दुरुस्ती नव्या कर्नलमधून मागे आणली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती तो ६.१ मध्ये आलाच नाही. डायरेक्ट आयओने (कॅशे टाळून थेट डिस्कवर) लिहिल्यावर फाइलमधली लेखनाची जागा नीट पुढे सरकेना, म्हणजे डेटा खराब होण्याचा धोका. डेबियन या लिनक्स वितरणाने १२.३ च्या इमेज रोखल्या आणि १० डिसेंबरला ६.१.६६ घालून थेट १२.४ काढली. मधल्या वेळात ज्यांची मशीन आपोआप अपडेट झाली त्यांचे काय?

रोखताना एक लक्षात ठेवा. ॲप्ट-मार्क होल्ड (पॅकेजचे अपडेट रोखणारी आज्ञा) नावात आवृत्तीचा आकडा असलेल्या कर्नल पॅकेजवर लावून काही होत नाही, कारण मेटापॅकेज (ताज्या कर्नलकडे बोट दाखवणारे पॅकेज) नवे पॅकेज ओढून आणतेच. डेबियनवर लिनक्स-इमेज-एएमडी६४ रोखा. उबुंटूवर लिनक्स-जेनेरिक, लिनक्स-इमेज-जेनेरिक आणि लिनक्स-हेडर्स-जेनेरिक.

पॅनिकशून्य
असहमत. होल्ड लावणारे शंभर, आठवणीने काढणारा एखादा. डर्टी पाइप हे कर्नलमधले सुरक्षेचे भोक (सीव्हीई-२०२२-०८४७) घ्या: ज्या फाइलवर फक्त वाचायची परवानगी आहे तिच्या मजकुरावर साधा युजर आपले लिहू शकत होता. तिथून रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, किती दूर? दुरुस्ती ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये आली. होल्डवाली मशीन तेव्हा उघडीच राहिली.

आणि तुमचे उदाहरण क्रॅशचे नाहीच, डेटा गुपचूप खराब होण्याचे आहे. क्रॅश परवडला, निदान बोंब तरी मारतो.

उंबरठा
ते भोक ५.८ पासून वापरता येत होते. ५.४ वर असलेल्यांना झळ लागली नाही. नवे ते सुरक्षित, हेही गृहीतकच की!

पॅनिकशून्य
गल्लत होतेय. ५.४ वर राहणे वेगळे आणि ५.४ मध्ये तेव्हा येणाऱ्या दुरुस्त्या नाकारणे वेगळे. शाखा जुनी ठेवा, पण तिच्यातले ताजे घ्या. तुमचा होल्ड दोन्ही अडवतो.

सहज_वाचक
जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन पाडली, ते विसरलात का?

पॅनिकशून्य
ते कर्नलचे अपडेट नव्हते. कर्नलमध्ये चालणाऱ्या बाहेरच्या ड्रायव्हरला चुकीची डेटा फाइल मिळाली होती. कर्नल रोखून ते टळले नसते.

ग्रबकर
लावावे की नाही यावर किती भांडाल? परतीची वाट आधी बांधा. ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड ठेवा, अपडेट-ग्रब चालवा, चालता जुना कर्नल ग्रब-सेट-डिफॉल्टने पक्का करा. नवा कर्नल ग्रब-रीबूटने फक्त एका बूटपुरता निवडा आणि त्याच्या कमांड लाइनवर पॅनिक=३० द्या. पॅनिक झाला तर ३० सेकंदांनी मशीन आपणहून रीबूट होऊन जुन्या कर्नलवर येते. नवा नीट चालला तर मग तोच पक्का करा.

उंबरठा
कागदावर छान. यात तीन भोके आहेत. पहिले, ऊप्स (कर्नलची चूक, पण मशीन न थांबवणारी) म्हणजे पॅनिक नव्हे; पॅनिक_ऑन_ऊप्स=१ नसेल तर मशीन अर्धमेले होऊन चालत राहते. दुसरे, मशीन नुसतेच गोठले तर पॅनिकचा टायमर सुरूच होत नाही, तिथे हार्डवेअर वॉचडॉगच (गोठलेले मशीन रीबूट करणारा टायमर) लागतो. तिसरे सगळ्यांत वाईट: /बूट (कर्नल ठेवण्याची जागा) जर एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर (डिस्क विभागण्या-जोडण्याच्या व्यवस्थांवर) असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही. "एकदाच" ही खूण पुसली जात नाही आणि प्रत्येक रीबूटला तोच बिघडलेला कर्नल पुन्हा उठतो.

ग्रबकर
तिसरे मान्य. /बूट साध्या एक्स्ट४ पार्टिशनवर ठेवा, हाच उपाय.

लॉगवाचा
अपडेटने क्रॅश झाला म्हणतात त्यांतली बरीच प्रकरणे कर्नलची नसतात. "व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)" दिसले तर आधी /बूटमधली जागा बघा. जागा भरल्यामुळे इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टम) तयारच झाली नसते. जुन्या कर्नलने बूट करा, नको असलेली जुनी कर्नल पॅकेजे काढा, अपडेट-इनिट्रॅमएफएस पुन्हा चालवा. पडदा काळा पण एसएसएच (दुरून लॉगिन) चालू असेल तर बहुधा डीकेएमएसचे (प्रत्येक कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर बनवणाऱ्या साधनाचे) मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बनलेले नाही. डीकेएमएस स्टेटस बघा.

खरा पॅनिक असेल तर जर्नलसीटीएल -के -बी -१ (मागच्या बूटचा कर्नल लॉग) वर विसंबू नका. पॅनिकच्या क्षणी शेवटच्या ओळी डिस्कवर पोचतच नाहीत बहुतेकदा. /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर (रीबूटनंतरही टिकलेला क्रॅशचा लॉग) बघा. ते रिकामे असेल तर नेटकन्सोलने लॉग दुसऱ्या मशीनवर घ्या, किंवा केडम्प (पॅनिक झाल्यावर दुसऱ्या छोट्या कर्नलने मेमरीची नक्कल जपणारी सोय) लावा. त्यासाठी क्रॅशकर्नल या सेटिंगमध्ये मेमरी कमी राखलीत तर डम्प घेणारा कर्नल स्वतःच मेमरीअभावी मरतो, म्हणून एकदा मुद्दाम पॅनिक करून तपासा. काम चालू असलेल्या मशीनवर नको!

उंबरठा
म्हणजे इतके सगळे करायचे, पण सात दिवस थांबायचे नाही?

पॅनिकशून्य
सात दिवस थांबायला माझी ना नाही, बिनमुदत थांबण्याला आहे. पण सगळेच सात दिवस थांबले तर बग सापडणार आठव्या दिवशी. एक तरी मशीन पहिल्या दिवशी अपडेट करा, तेच हार्डवेअर, तीच फाइलसिस्टम, तोच लोड असलेले. ते पडले तर गिट बायसेक्ट करा, म्हणजे बदलांची यादी दर वेळी अर्धी करत बिघाड शोधा. दोन पॉइंट रिलीजमध्ये २५६ पॅच असले तर आठ वेळा बिल्ड करून गुन्हेगार कमिट (नेमका बदल) हातात येतो, आणि मेक लोकलमॉडकॉन्फिग (फक्त चालू असलेली मॉड्यूल बिल्ड करण्याची सोय) वापरले तर प्रत्येक बिल्डचा वेळही बराच वाचतो.

लॉगवाचा
बायसेक्टच्या आधी बाहेरची मॉड्यूल काढा. लॉगमध्ये "टेंटेड" (कर्नलमध्ये बाहेरचे काही मिसळल्याची खूण) दिसले की कर्नलवाले आधी तेच काढायला सांगतात.