कोलायटिसचा सगळा दोष शेंगा चटणीवर? आतड्यातल्या बारक्या आरएनएचं पण बोलूया (चर्चा)

जुळे_सोलापूरकर:
माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात. सोलापुरात कुणालाही सांगा, पहिलं वाक्य ठरलेलं, "तिखट खाल्लं म्हणून झालं". अहो अख्खं सोलापूर शेंगा चटणी खातंय, मग सगळ्यांनाच का नाही झालं? माझं मत, घरच्यांना मायक्रोआरएनए समजावून सांगायला पाहिजेत. साधारण २२ अक्षरांचे हे बारके आरएनए, यांच्यापासून प्रोटीन बनत नाही, पण कुठल्या जीनचं प्रोटीन किती बनू द्यायचं ते हे ठरवतात, २०२४ चं नोबेल यांच्याच शोधाला मिळालं. २०१६ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी हे आरएनए बाहेर सोडतात, ते शौचात सापडतात आणि ई. कोलायसारख्या जंतूंच्या आत शिरून त्यांचे जीन कमीजास्त करतात. ज्या उंदरांच्या अस्तरातलं, हे आरएनए घडवणारं डायसर एन्झाइमच काढून टाकलं, त्यांचा कोलायटिस जास्त चिघळला, आणि निरोगी उंदरांच्या शौचातले आरएनए दिल्यावर कमी झाला. एवढं सगळं आत चालू असताना पोराला ताटावरून बोलणी खायला लावायची?

होटगी_रोड:
भावाला बोलणी नकोत हे शंभर टक्के मान्य. बाकी नाही पटलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. असल्या प्रयोगात बऱ्याचदा उंदरांना पाण्यातून डीएसएस नावाचं रसायन पाजून काही दिवसांत आतडं सुजवतात, माणसाचा आजार वर्षानुवर्षं चालतो. आणि सूज आली की मिर-२१, मिर-१५५ हे मायक्रोआरएनए आपोआप वाढतात, आग लागल्यावर धूर निघणारच की ओ. धुराला कारण कसं म्हणायचं? हे वाचून कुणी मेसालामाइनची (कोलायटिसची सूज आवरणारी) गोळी सोडली तर मग?

रेल्वे_लाईन्स:
नुसता धूर नाहीये दादा. मिर-२१ काढलेल्या उंदरांना तोच डीएसएस दिला तर कोलायटिस कमी होतो, बरं त्यांचे जंतू दुसऱ्या जंतुविरहित उंदरांत सोडले तर त्यांनाही संरक्षण मिळतं. म्हणजे आरएनए बदलला, त्यानं जंतू बदलले आणि जंतूंनी आजार बदलला. उलट्या दिशेनंही होतं. क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या जुनाट आजारात, अस्तराला चिकटून आत घुसणारे ई. कोलाय सापडतात, ते पेशीतले मिर-३०सी आणि मिर-१३०ए वाढवतात, त्यानं एटीजी५ आणि एटीजी१६एल१ ही प्रोटीन घटतात आणि पेशीची जंतू पचवून टाकायची यंत्रणाच ढिली पडते. एटीजी१६एल१ मधला बदल क्रोन्सची जोखीम वाढवतो, हे माणसांच्याच जनुकीय अभ्यासातून आलंय, उंदरांच्या नाही.

अशोक_चौक:
मी वाचलं की आल्यातल्या आरएनएनं कोलायटिस बरा होतो. आईला रोज रस देऊ का?

जुळे_सोलापूरकर:
ताई, त्यावरून औषध बंद करू नका, हात जोडून सांगते. २०१८ च्या त्या प्रयोगात आल्यातून वेगळे काढलेले अतिसूक्ष्म कण उंदरांना दिले होते, ते आतड्यातल्या लॅक्टोबॅसिलस जंतूंनी आत घेतले आणि सूज कमी झाली. घरच्या रसाचा तो प्रयोग नव्हता, आणि फ्लेअर चालू असेल, म्हणजे आजार उसळलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

नवी_पेठ:
मला हा सगळा विषयच आपल्यासाठी लांबचा वाटतो. आपल्याकडे पहिला प्रश्न, आतड्याचा टीबी की क्रोन्स? दोन्हीत पोटदुखी, वजन उतरणं, स्कोपीत (दुर्बिणीच्या तपासणीत) अल्सर, बायोप्सीतही कधीकधी फरक कळत नाही, मग टीबीची औषधं सुरू करून महिनोन्महिने वाट बघायची. शौचातली कॅलप्रोटेक्टिन टेस्ट सूज आहे एवढंच सांगते, कशामुळे ते नाही. आधी त्यावर पैसा आणि डोकं लावा.

जुळे_सोलापूरकर:
पण मग याच कारणासाठी इथल्या, ज्वारी खाणाऱ्या पेशंटच्या शौचातले आरएनए आणि जंतू तपासायला नकोत का? टीबीत आणि क्रोन्समध्ये त्यांचा नमुना वेगळा निघाला तर ते महिने वाचतील की. आणि लांबचा विषय कसा, मिर-१२४ वाढवणारी ओबेफाझिमोडची गोळी कोलायटिसच्या पेशंटवर तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचलीय, २०२५ मध्ये चांगले निकाल आले.

होटगी_रोड:
ओबेफाझिमोड मान्य, ते माणसांवरचं काम आहे. पण ते आपल्या रोगप्रतिकारक पेशींमधला मिर-१२४ वाढवून सूज आवरतं, जंतूंना आरएनए पाठवून नाही. जंतूंवाली बाजू अजून उंदरांतच आहे. टीबी-क्रोन्सचे नमुने शेजारी ठेवून तपासायचं म्हणताय, त्याला मात्र माझा पाठिंबा. औषधं सुरू व्हायच्या आधी घेतलेले नमुने लागतील, नंतरचे चालणार नाहीत, कारण टीबीची औषधं स्वतःच आतड्यातले जंतू बदलतात.