चेनसॉवर ५८ सीसी छापलंय, पण इंजिन खरं केवढं?

काजूवाडी_गुहागर
नमस्कार मंडळी. ऑनलाइन मागवलेला, बिननावाचा केशरी चेनसॉ आहे. आवरणावर ५८००, खोक्यावर ५८ सीसी, ३.५ एचपी, बार (चेन फिरते ती पट्टी) २२ इंची. कॉम्प्रेशन उतरलंय, दोरी ओढताना हाताला काहीच लागत नाही. पिस्टन आणि रिंग बदलायचे म्हटलं तर पार्टवाला विचारतो, "बावन्नचा देऊ की अठ्ठावन्नचा?" आणि दोन्ही पुड्यांतले पिस्टन दिसायला एकच. पुस्तिकेत बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा आतला व्यास आणि पिस्टनची वर-खाली चाल) कुठेच नाही. शेजारच्या ५२ लिहिलेल्या मशीनचा ब्लॉक (सिलिंडर), सायलेन्सर, स्टार्टर सगळं ह्याच्यासारखंच. ब्लॉक न खोलता खरी सीसी काढता येईल का? पावसाआधी आकेशियाची तोड उरकायची आहे.

टू_स्ट्रोक_चिपळूण
५८०० हे मॉडेलचं नाव समजा, माप समजू नका. ह्या एकाच सांगाड्यावर ४५, ५२, ५८, ६२ असे सगळे स्टिकर बघायला मिळतात. एचपीवरूनही काही कळणार नाही. ३.५ एचपी म्हणजे २.६ किलोवॉट. स्टील (Stihl) कंपनीचा एमएस ३६१ हा ५९ सीसीचा, तो ३.४ किलोवॉट देतो. एमएस २५० हा ४५.४ सीसीचा, तो २.३. तुमच्या खोक्यावरचे दोन आकडे एकमेकांशीच जुळत नाहीत.

हिशेब एवढाच: बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, सगळं मिलिमीटरमध्ये, आणि उत्तराला १००० ने भागा. हिशेब बरोबर बसतो का ते माहीत असलेल्या मशीनवर ताडून बघा. एमएस १८० चा बोअर ३८, स्ट्रोक २८, ३१.८ यायला हवेत, येतात.

आधी बोअर. स्पार्क प्लग काढा, पिस्टन खाली न्या, भोकातून टॉर्च मारा. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो (तो सायलेन्सरच्या बाजूला असतो) आणि पुष्कळदा त्याच्याजवळ माप कोरलेलं असतं. काजळीखाली दिसत नसेल तर कान साफ करायची कापसाची काडी पेट्रोलमध्ये बुडवून घासा, पण कापूस आत सुटू देऊ नका. ५८ छापलेल्या मशीनमध्ये तिथे बहुतेक वेळा ४५.२ निघतं. ४५.२ बोअरवर ५८ सीसी भरायला स्ट्रोक ३६ मिमीच्या थोडा वर लागतो. तेवढा स्ट्रोक असेल तर ५८ खरे, नसेल तर स्टिकर.

आता स्ट्रोक. ३ मिमीचा पितळी ब्रेझिंग रॉड घ्या, टोक कानशीने गोल करा. झाडूतला हीर घालू नका. वाकतो, आणि टोक मोडून आत राहिलं की ब्लॉक खोलणं आलंच. स्टार्टरचं कव्हर काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. चेन ओढून काही होणार नाही, क्लच मध्ये सुटलेला असतो. रॉड आत असताना दोरी ओढायची नाही, तो पिस्टन आणि हेडच्या मध्ये आडवा अडकतो. पिस्टन अगदी वर आला की प्लगच्या बसणीच्या पातळीला रॉडवर खूण, अगदी खाली गेला की दुसरी. वरच्या आणि खालच्या टोकाला पिस्टन क्षणभर हलेनासा होतो, म्हणून थोडं पुढे-मागे झुलवून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी खोली धरा. दोन खुणांतलं अंतर व्हर्निअरने मोजा. हा स्ट्रोक, प्लगचं भोक सरळ असेल तरच.

बऱ्याच मशीनचं भोक तिरकं असतं. मग रॉड तिरका सरकतो आणि आकडा जास्त येतो. १० अंशाला जेमतेम दीड टक्का, पण २० अंशाला सहा टक्क्यांच्या वर. कोन मोजायला ब्लॉकच्या बाहेरच्या, थंड ठेवणाऱ्या पाकळ्या उपयोगी पडतात, त्या साधारण सिलिंडरच्या अक्षाला काटकोनात असतात. अगरबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा घ्या, एक कड पाकळीला समांतर धरा, भोकात उभ्या रॉडची रेघ पुठ्ठ्यावर मारा, कोनमापक लावा. काटकोनापेक्षा जेवढा कमी भरेल तेवढा तिरकेपणा. त्या कोनाच्या कोसाइनने मोजलेलं अंतर गुणा.

कुडाळकर_७
एवढी झंझट कशाक? पिस्टन खाली घेवचो, प्लगच्या भोकातून सिरिंजने तेल भरूचा, किती मिली गेला ता बघूचा. वर घेवन परत भरूचा. वजाबाकी केली की सीसी.

टू_स्ट्रोक_चिपळूण
कुडाळकर, फोर-स्ट्रोकला दोन्ही वॉल्व्ह बंद ठेवून हे चाललं असतं. इथे पिस्टन खाली गेला की एक्झॉस्टची खिडकी (धूर बाहेर जायची) आणि ट्रान्सफरचे रस्ते (क्रँककेसमधून मिश्रण वर यायचे) उघडे. तेल सायलेन्सरमधून गळेल, उरलेलं क्रँककेसमध्ये उतरेल आणि तुम्ही ओतत बसाल. खिडकी जेमतेम झाकली जाईल इथवर पिस्टन वर घेऊन मापलं, तर येणारा आकडा फक्त खिडकीच्या वरच्या भागाचा. पूर्ण स्ट्रोकच्या साधारण सत्तर टक्के धरा. लोक हाच आकडा "खरी सीसी" म्हणून सांगतात आणि मग ५२ च्या मशीनला ३६ ठरवून मोकळे होतात.

तेल वरच्या टोकाला भरलं तर उपयोग आहे, पण तो हेडमधली जागा मोजायला. सीसीशी त्याचा संबंध नाही. कॉम्प्रेशन गेजचंही तेच. १४० पीएसआय ३० सीसीला येतात, ६० लाही येतात.

दापोली_स्पेअर
वरचं सगळं बरोबर. एक भर: कुठे किती काटेकोर राहायचं ते आधी समजून घ्या. ४५ च्या आसपासच्या बोअरवर स्ट्रोक १ मिमी चुकला तर उत्तर १.६ सीसीने चुकतं. बोअर ०.१ मिमी चुकला तर पाव सीसीच्या आतच. बोअर व्हर्निअरवर सहज मिळतो, घोळ होतो तो स्ट्रोकमध्ये. आणि पिस्टनवर कोरलेला आकडा हा त्या पिस्टनचा; आधी कोणी बदलला असेल तर ब्लॉकचा असेलच असं नाही.

काजूवाडी_गुहागर
मापलं. पिस्टनच्या डोक्यावर बाण आणि ४५.२ स्पष्ट आहे. रॉडवर दोन खुणांतलं अंतर तीनदा घेतलं: ३४.४, ३४.६, ३४.५. सरळ गुणलं तर ५५.४ सीसी. पुठ्ठ्यावर तिरकेपणा २० अंश, म्हणजे ३४.५ गुणिले ०.९४, स्ट्रोक ३२.४, आणि सीसी ५२.०. म्हणजे बावन्नच ना? सायलेन्सर काढून बघितलं, एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे आहेत, त्यामुळे ब्लॉक खोलावाच लागणार.

टू_स्ट्रोक_चिपळूण
बावन्नच. ५८ च्या हिशेबाने तुमच्या रॉडवर ३८ च्या वर फरक दिसायला हवा होता, एवढी चूक हाताने होत नाही.

ब्लॉक खोलताच आहात तर पक्कं करून घ्या. चार एलन बोल्ट, लांब टी-हँडल लागेल. ब्लॉक सरळ वर उचला, पिळू नका, रिंगचं टोक पोर्टमध्ये (खिडकीत) अडकून मोडतं. क्रँककेसचं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने बंद करा. मग पिस्टनचं डोकं केसच्या सपाट तोंडापासून किती उंच ते वरच्या आणि खालच्या टोकाला मोजा. व्हर्निअर डोक्याच्या मधोमध, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवर टेकवा, कारण पिस्टन पिनवर डुलतो आणि कडेला मोजलं तर अर्धा मिमी सहज इकडेतिकडे होतो. फरक ३२.५ च्या आसपास आला की झालं. बोअर ब्लॉकच्या खालच्या तोंडाशी मोजताना चेंफर (कडेचा उतार) सोडून थोडं आत जा आणि काटकोनात दोन मापं घ्या. पिस्टन मोजून बोअर ठरवू नका. स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) बोअरपेक्षा काही शतांश मिमीने लहान असतो, डोकं त्याहूनही लहान.

दापोली_स्पेअर
आता पार्टवाल्याकडे "बावन्नचा द्या" असंसुद्धा म्हणू नका. त्याच्या पुडीवरचा ५२ पण स्टिकरच. जुना पिस्टन बरोबर न्या आणि चार मापं सांगा: व्यास, गजन पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, रिंगच्या खाचेची रुंदी. पिनपासून डोक्यापर्यंतची उंची सगळ्यात महत्त्वाची. ती १ मिमी जास्त निघाली तर पिस्टन हेडला आपटेल, कमी निघाली तर कॉम्प्रेशन पुन्हा पडेल, आणि दोष मात्र नव्या रिंगवर येईल. रिंगच्या खाचेत बारीक पिन कुठे आहे तेही बघा, रिंगची टोकं त्या पिनवरच बसली पाहिजेत.

रिंग आधी एकटी ब्लॉकमध्ये सरकवा, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा, टोकांतली फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) तपासा. ४५ च्या बोअरला ०.२ मिमीच्या खाली नको, गरम झाल्यावर टोकं भिडतात. ओरखडे ब्लॉकवर नखाला लागत असतील तर नुसता पिस्टन घालून पैसे फुकट जातील, ब्लॉक-पिस्टनची जोडीच घ्या. नुसती पांढरट ॲल्युमिनियमची पुसट रेघ असेल तर ती बारीक पॉलिश पेपरने निघते, खालचा थर खरवडू नका.

बेस गास्केट जुन्याच जाडीचं. मेकॅनिककडे पत्र्यासारखा जाड कागद कापून देतात तो घेतला तर ब्लॉक उंच बसतो, पोर्टचं टायमिंग बदलतं आणि कॉम्प्रेशन उतरतं.

ओरखडे कशाने पडले तेही शोधा, नाहीतर नवा पिस्टन तसाच जाईल. एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे म्हणजे बहुधा तेल कमी किंवा मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी). २५ ला १ म्हणजे लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल), अंदाजाने झाकणभर नाही. कार्ब्युरेटर आणि ब्लॉकच्या मधला रबरी बूट चिरला असेल तर तिथून हवा ओढली जाते. चालू मशीनवर त्या जागी कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारला की आवाज बदलतो. हे सुरू केल्या केल्या करा, सायलेन्सर तापल्यावर नको.

काजूवाडी_गुहागर
बूट तपासतो. बावन्न सीसीवर २२ इंची बार ठेवू की बदलू?

टू_स्ट्रोक_चिपळूण
आकेशियाला १८ पुरेसा. २२ पूर्ण लाकडात गेला की बावन्नला दम लागतो, आरपीएम पडतो, क्लच घसरून तापतो. बार बदलताना जुन्या बारवर कोरलेलं पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर) आणि गेज (बारच्या खाचेची रुंदी) बघा, ह्या मशीनना बहुतेक ०.३२५ आणि ०.०५८ इंच असतं. चेन इंचावर मागू नका, ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत बसणारे दाते) मोजून मागा. २२ इंचीच्या ८६ असतात, १८ इंचीच्या ७२. स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) झिजलेलं असेल तर नव्या चेनबरोबर तेही बदला. क्लच काढताना आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी घालायची, पण पिस्टन एक्झॉस्टच्या खिडकीच्या वर गेल्यावरच, नाहीतर दोरी खिडकीत जाऊन कापली जाते.