विंडोज ११ च्या अपडेटनंतर वर्डपॅड गायब, परत कसं आणू? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा तातडीचं आहे.

ठाण्यात कोर्टनाक्याजवळ बाबांचं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, कुलमुखत्यारपत्रं, सगळे मसुदे वर्डपॅडमध्ये (विंडोजसोबत मिळणारा साधा लेखनाचा प्रोग्रॅम), कृतिदेव फाँटात (यात फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं साठवली जातात, ती मराठी दिसतात), आरटीएफ फायली (ठळक, मधोमध अशी मांडणी जपणाऱ्या) करून ठेवलेले. मागच्या आठवड्यात दुकानातल्या पीसीवर विंडोज ११ चं २४एच२ हे मोठं अपडेट झालं आणि वर्डपॅड नाहीसं झालं. शोधल्यावर कळलं, की मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच हे जाहीर केलं होतं. विंडोज ९५ पासून सोबत असलेलं वर्डपॅड २४एच२ पासून विंडोजमध्ये येतच नाही, पुन्हा इन्स्टॉल करायची सोयही नाही.

नोटपॅडमध्ये फाइल उघडली तर महिरपी कंस, फाँटांची यादी आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं. लिब्रे ऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये नीट उघडते, पण काम करताना अडतं. वाक्याचं पहिलं अक्षर ते आपोआप कॅपिटल करतं. कृतिदेवमध्ये स्मॉल डी म्हणजे पूर्ण ‘क’ आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा, त्यामुळे ‘करारनामा’ टाइप केलं की सुरुवातीचा ‘क’ अर्धा होतो. शिवाय ओळींमधलं अंतर किंचित बदलतं. स्टँपपेपरच्या छापील भागाखाली मजकूर बसावा म्हणून बाबांनी वर मोजून जागा सोडलेली असते. आता शेवटची सहीची ओळ दुसऱ्या पानावर जाते. पाचशेचा स्टँपपेपर असा वाया घालवता येत नाही.

बाबा नवीन शिकायला तयार आहेत, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना कसं शिकणार? विंडोज डॉट ओल्ड फोल्डरातून (अपडेटनंतर जुनं विंडोज यात राहतं) वर्डपॅड उचलता येतं असं ऐकलंय. खरंच चालतं का? आणि पुढच्या अपडेटला पुन्हा जाईल का?

प्रतिसाद १
चालतं, पण लगेच करा. विंडोज डॉट ओल्ड साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्यात प्रोग्रॅम फाइल्स, मग विंडोज एनटी, मग ॲक्सेसरीज असं जा आणि ॲक्सेसरीजचा अख्खा फोल्डर उचला. बरेच जण फक्त वर्डपॅडची ईएक्सई फाइल (मूळ प्रोग्रॅम) घेतात आणि ते सुरूच होत नाही. आतल्या भाषेच्या फोल्डरातली एमयूआय फाइल (मेनूंचा मजकूर असलेली) सोबत लागते. ओल्ड फोल्डर गेलाच असेल तर विंडोज १० च्या एखाद्या मशीनवरून हेच घ्या. कुठल्याही अनोळखी साइटवरून मात्र डाउनलोड करू नका, दुकानाच्या पीसीवर लोकांची आधारची माहिती असते.
फोल्डर मूळ जागी न ठेवता डी ड्राइव्हवर स्वतंत्र ठेवा, म्हणजे पुढच्या मोठ्या अपडेटच्या तावडीत सापडणार नाही. पेनड्राइव्हवरही एक प्रत असू द्या. मग आरटीएफ फाइलवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, तिथे हीच ईएक्सई दाखवा आणि ‘नेहमी’ निवडा.

प्रतिसाद २
वर्डपॅडला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, हे लक्षात असू द्या. बाबांनी स्वतः केलेल्या फायलींपुरतं ठीक, पण गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल त्यात उघडू नका. त्यासाठी लिब्रे ठेवा आणि त्याच्या ऑटोकरेक्टच्या पर्यायांत जाऊन वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची खूण काढून टाका. तुमचा अर्ध्या ‘क’चा त्रास तिथेच संपेल.

मूळ धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. ओल्ड फोल्डर अजून होता. ॲक्सेसरीज डी ड्राइव्हवर घेतला, वर्डपॅड उघडलं, भाडेकराराचा मसुदा आधी कोऱ्या कागदावर छापून पाहिला. सही पहिल्याच पानावर, जागच्या जागी. लिब्रेमधली ती खूणही काढली.
हे कायमचं नाही, मसुदे युनिकोडमध्ये (कुठल्याही फाँटात मराठीच दिसणारी प्रमाण पद्धत) न्यावेच लागतील, हे बाबांनाही पटलंय. कृतिदेवचं युनिकोड करताना आरटीएफमधला ठळकपणा आणि मधोमध घेतलेली शीर्षकं तशीच ठेवणारं काही कुणी वापरलंय का? मजकूर चिकटवून बदलून देणाऱ्या साइट माहीत आहेत, त्यात हे सगळं उडतं.