वाचवलं देवाने, मग बुडवलं कोणी?

तर्कटराव

परवा एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. त्यांचा मुलगा घाटातल्या अपघातातून बचावला. गाडीत चौघं होते, तिघं गेले. आई पोह्यांची बशी पुढे करत म्हणाली, "देवाचाच हात होता हो त्याच्या डोक्यावर." मी मान डोलावली आणि पोहे खाल्ले. तिथे तोंड उघडणं बरं नव्हतं. इथे उघडतो.

उरलेल्या तीन डोक्यांवरचा हात कुठे गेला होता?

प्रश्न मी मुद्दाम ख्रिस्ती देवाबद्दल विचारतोय, कारण तिथे गाठ सगळ्यात घट्ट बसते. एकच देव, तो सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि शिवाय प्रेमळ बाप. आपल्याकडे प्रारब्ध, साडेसाती, कुलदैवताचा कोप अशा चोरवाटा भरपूर. तिथे दार एकच.

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार, पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सकल संतांचा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाला चर्चं ठासून भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हलली ती काही मिनिटं हलतच राहिली, आणि छपरं पडली ती हात जोडून बसलेल्यांच्या डोक्यावर. जे निसटले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, तर पाऊणेक तासात समुद्रच तेजू नदीतून आत आला. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे पाच-सहा दिवस विझली नाही. सकल संतांच्याच नावाचं मोठं इस्पितळ आतल्या रोग्यांसकट जळालं. शहरातल्या मृतांचा अंदाज ३० ते ४० हजार सांगतात. खालचा सपाट भाग गाळाच्या जमिनीवर होता, तो झोपला. आल्फामाची टेकडी पक्क्या खडकावर, ती बरीचशी टिकली. बदनाम गल्ल्या वाचल्या आणि चर्चं पडली, अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती.

यावर गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट (कॅथलिकांतला एक संघ) पाद्रीने १७५६ साली पुस्तिका काढली: ही पापांची शिक्षा आहे, आणि भूकंपाला नैसर्गिक म्हणणं हेही पापच. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सने १७१० मध्येच सांगून ठेवलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच उत्तम. तुकडा वाईट दिसतो, अख्खं चित्र चांगलं आहे. फ्रेंच लेखक व्होल्टेअरने कविता लिहून विचारलं, लंडन-पॅरिसपेक्षा लिस्बन जास्त पापी होतं काय? लिस्बन गाडलं गेलंय आणि पॅरिसमध्ये नाच चाललाय.

ही दोन उत्तरं आता फारसं कुणी देत नाही. तिसरं मात्र रोज ऐकतो: देवाच्या मनातलं आपल्याला काय कळणार! मला हे उत्तर मान्य आहे. खरंच आहे. फक्त मग ते दोन्हीकडे लावा. हजारो मेले त्यामागचा हेतू कळत नसेल, तर एक वाचला त्यामागचाही कळत नाही. वहीत जमा देवाच्या नावावर आणि खर्च 'गूढ' म्हणून कोरा सोडायचा, हे किराणा दुकानातही चालत नाही. आणि चमत्कारांच्या सगळ्या साक्षी याच वहीतून येतात.

अर्धाकप

धागा शंभरी गाठणार. चहा टाकतो.

वसईची लेक

तर्कटराव, मी कॅथलिक, दर रविवारी मिस्साला जाते. म्हणजे धाग्यातली आरोपी मीच.

मालाग्रिदाला आमच्या गळ्यात बांधू नका. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेल्याचा उल्लेख आहे. येशू विचारतो, ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. व्होल्टेअरचा प्रश्न सतराशे वर्षं आधी विचारून झाला होता.

दुसरं म्हणजे, तुमचा देव वर बसून वही लिहिणारा कारकून आहे. आमच्या वेदीवरचा देव खिळे ठोकलेला आहे. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे तो स्वतः ओरडलाय. दुःख का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, कबूल. पण तो दुःखाच्या बाहेर उभा नाही, एवढं आमचं म्हणणं. ते खोडा.

तर्कटराव

@वसईची लेक, लूक बरोबर आहे, पण पुढचं वाक्य गाळलंत: पश्चात्ताप केला नाहीत तर तुम्हा सर्वांचा तसाच नाश होईल. दारातून बाहेर काढलेली शिक्षा खिडकीतून पुन्हा आत.

क्रुसाचं म्हणाल तर, बुडणाऱ्याबरोबर बुडणारा माणूस थोरच. पण त्याला पोहता येत असेल, दोर त्याच्या हातात असेल आणि समुद्रही त्याचाच असेल, तर?

गवंडीदादा

देवाला मध्ये आणायची घाई कशाला? रूसो या विचारवंताने ऑगस्ट १७५६ मध्ये व्होल्टेअरलाच पत्र लिहून सुनावलं होतं, की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे निसर्गाने नाही आणून ठेवली.

मी इंजिनियरिंगला असताना किल्लारीला मदतीला गेलो होतो. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, दमलेली माणसं नुकती आडवी झालेली. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचा बोजा. भिंतीत दगड दगडाला धरूनच नव्हता, मधे नुसती माती. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगात दरवर्षी होतात त्यातला. तरी आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांना भिंतींनी मारलं, आणि भिंत माणूस बांधतो. देव सुटला की!

तर्कटराव

असा कसा सुटला? किल्लारी तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. तज्ज्ञांना माहीत नव्हतं ते त्या शेतकऱ्याला कुठून कळणार? सर्वज्ञाला मात्र माहीत होतं. माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं म्हणून वाईट घडतं, हा बचाव खुनाला, युद्धाला पुरेल. जमिनीखालच्या खडकाला कसली आलीय इच्छा?

गवंडीदादा

तोच खडक हलतो म्हणून डोंगर उभे राहतात, कार्बन पोटात जातो नि ज्वालामुखीतून परत वर येतो, हवा राहण्याजोगी राहते. नियम हवेत तर त्यांचा मारही आला. सज्जन माणूस खाली उभा दिसला की हलकी होणारी बीम असती, तर मी डिझाइन काय कपाळ करणार होतो?

तर्कटराव

हा मुद्दा आवडला. पण स्वर्गात भूकंप होतात का? नाही ना. म्हणजे भूकंपाशिवायचं जग आणि त्यात स्वतंत्र माणसं, हे त्या देवाला जमतं. मग आधी हा मधला मुक्काम कशाला?

(यावर "इथे माणसाचं चारित्र्य घडतं" असं उत्तर येईल. इस्पितळात जळालेल्यांचं काय घडलं तेही मग सांगा.)

अद्वैतप्रेमी

हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वी मिटलंय. ब्रह्मसूत्र २.१.३४, "वैषम्यनैर्घृण्ये न". ईश्वर पक्षपातीही नाही आणि निर्दयही नाही, कारण तो जिवाच्या कर्माला धरून फळ देतो. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात उगवतो की जव ते बियाण्यावर. ख्रिस्त्यांना एकच जन्म, म्हणून ही पंचाईत.

नाठाळ

मिटलं? ढिगाऱ्याखालून पोर काढलेल्या आईला "गेल्या जन्मीचं असेल काहीतरी" असं सांगून धडधाकट परत या, मग मानतो. मालाग्रिदा निदान याच जन्मातली पापं दाखवत होता. तुम्ही पुरावाच दुसऱ्या जन्मात नेऊन पुरलात.

१९३४ चा बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं खुद्द गांधीजी म्हणाले होते. टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. आणि टागोर काही नास्तिक नव्हते.

मांडवीकाठ

अवांतर: मालाग्रिदाचं पुढे काय झालं ते राहिलंच. पोर्तुगालच्या पोम्बाल मंत्र्याला मढी हलवायची होती, लुटालूट थांबवायची होती, शहर उभारायचं होतं, आणि हे महाशय सांगत होते प्रायश्चित्त घ्या. १७६१ मध्ये इन्क्विझिशनकडूनच (चर्चचं पाखंड्यांविरुद्धचं न्यायालय) पाखंडी ठरवून त्याचा गळा आवळला, मग प्रेत जाळलं. १७५९ च्या हुकमाने जेझुइटांची हकालपट्टी झाली, तिचा तडाखा आमच्या गोव्यालाही बसला. गोव्याचं इन्क्विझिशन १७७४ मध्ये याच पोम्बालच्या काळात बंद झालं, पण त्याची सत्ता गेल्यावर पुन्हा सुरू झालं ते थेट १८१२ पर्यंत.

पोम्बालने भूकंपाबद्दल पॅरिशोपॅरिश (एकेका चर्चच्या हद्दीत) प्रश्नावली धाडली होती. धक्का किती वेळ टिकला? कुठल्या दिशेने जास्त जाणवला? समुद्र आधी चढला की ओसरला? देव का रागावला, हे तिच्यात विचारलेलं नव्हतं.

वसईची लेक

तर्कटराव, तुमची ती वही रात्रभर डोक्यातून गेली नाही.

२००४ च्या नाताळात माझी मावशी वेलंकनीला होती, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मेरीमातेच्या तीर्थाला. २६ डिसेंबरला सकाळी लाट आली. चर्चमध्ये पाणी शिरलं नाही, आत होते ते वाचले. किनाऱ्यावर आणि दुकानांपाशी होते ते शेकड्यांनी गेले, आणि तेही मातेच्या दर्शनालाच आलेले. आमच्याकडे महिनाभर चमत्काराच्याच गोष्टी चालू होत्या, मावशीही सांगायची. लॉजवर तिच्या शेजारच्या खोलीत एक बाई होती, आदल्या संध्याकाळी दोघींनी मिळून मेणबत्त्या घेतल्या होत्या. ती बाई त्या सकाळी पोराला समुद्र दाखवायला घेऊन गेली.

नंतर कधीतरी मावशीने "मातेने मला वाचवलं" म्हणणं सोडलं. आता नुसतं "मी वाचले" म्हणते. मिस्सा चुकवत नाही, रोझरी चुकवत नाही, सप्टेंबरात सणाला परत वेलंकनीला जाते आणि त्या मायलेकरांसाठी मिस्सा ठेवते. तेव्हा जमाखर्चाचा मुद्दा मला मान्य. पण वही फेकून दिली तरी मावशीचं काहीतरी उरलंच, आणि ते तुमच्या धाग्यात कुठे नाही.

तर्कटराव

नाही, कारण ते मला कळत नाही. एक विचाराल का मावशींना? त्या सकाळी चर्चमध्ये फादर काय म्हणाले?

वसईची लेक

विचारलं. म्हणाली, बोलतंय कोण नि ऐकतंय कोण, सगळे दारात. चपला बाहेर काढल्या होत्या, त्या पाण्याबरोबर गेल्या. दिवसभर अनवाणी त्या पोराला शोधत फिरली.